जाळीतली बंदूक

शिकारीच्या हत्यारांवर मराठीत जे लिहून येतं त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक संस्थानिकांच्या रायफलींचा, दुसरा घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा. मधली एक जात कायम राहून जाते. एकाच हत्यारातून गोळीही आणि छर्राही चालवणारी, दाट जाळीतल्या शिकारीसाठी बेतलेली बंदूक. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या बैठकीत या विषयावर मी वर्षानुवर्षं भांडत आलो. आता कागदावर भांडतो.

मी बोलतोय ते सह्याद्रीच्या रानाबद्दल. चांदोली, कोयनेचं खोरं, दाजीपूर. सागाच्या विरळ रानात चितळ शंभर पावलांवरून दिसतं. इथं कारवीच्या गचपणात दहा पावलांवरचा हाकारा दिसत नाही. हाका सुरू झाला की डुक्कर उठेल, भेकर उठेल की रानकोंबडा भर्रकन वर येईल, हे कुणाला सांगता यायचं नाही. जे बाहेर पडेल ते वीस-पंचवीस पावलांवर, दोन करवंदींच्या मधून, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेवढ्यात हत्यार खांद्याला लागलं पाहिजे आणि आत योग्य ते काडतूस असलं पाहिजे.

आपल्याकडच्या साध्या शिकाऱ्याने यावर साधा तोडगा काढला होता. बारा बोरची दुबारी, उजव्या नळीत एलजी, म्हणजे जाड छर्रा, डावीत गोळी. दोन चाप, दोन बोटं, निवड तिथल्या तिथं. खर्च काही नाही. अडचण एकच. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी चाळीस-पन्नास पावलांपुढे भरवशाची राहत नाही, आणि नळीचं तोंड फार आवळलेलं असेल तर घट्ट बसणारी गोळी त्यातून मारणं धोक्याचं.

युरोपात याला निराळी उत्तरं निघाली. एक नळी रायफलीची, एक छर्र्याची, शेजारी शेजारी, ती केप गन. दोन नळ्या छर्र्याच्या आणि खाली रायफलीची तिसरी, ते जर्मन ड्रिलिंग. जर्मनीतलं झूल आणि ऑस्ट्रियातलं फेर्लाख ही गावं या कामासाठी नावाजलेली. फेर्लाखला आजही गिऱ्हाइकाचं माप घेऊन अशा बंदुका घडवतात. कारागिरी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. ड्रिलिंग हेच जाळीतलं सर्वोत्तम हत्यार, असं ठासून लिहिणारे आपल्याकडे आहेत. त्यांनी ते उन्हातल्या चांदमारीवर चालवलं असेल, हाक्यात नाही. ड्रिलिंगमध्ये पुढचा चाप छर्र्यावरून रायफलीवर न्यायला एक खटका सरकवावा लागतो. डुक्कर अंगावर येताना अंगठ्याने खटका चाचपायचा, आणि मागच्या वेळी तो कुठं ठेवला होता हे आठवायचं! गडबडीत चुकीची नळी उडते. दुबारीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून माझं मत पहिल्यापासून पॅराडॉक्स नावाच्या दुबारीच्या बाजूने. ही बंदूक हिंदुस्थानातल्या रानाच्या अनुभवातून सुचली, असं मी मानतो. जॉर्ज फॉस्बेरी हे बंगालच्या फौजेतले अधिकारी, 1863च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. त्यांनी 1885 साली पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बनवायला घेतली. युक्ती अशी, की सगळी नळी गुळगुळीत, फक्त तोंडाकडच्या दोनेक इंचांत खोल आटे. छर्रा त्यातून साध्या बंदुकीसारखा जातो. गोळी मात्र बाहेर पडता पडता आटे पकडते, फिरत जाते आणि शंभर यार्डांपर्यंत नेम धरते. बारा बोरची ती गोळी साडेसातशे ग्रेनच्या आसपास, म्हणजे सुमारे 48 ग्रॅम. आपल्या 315 रायफलीची 244 ग्रेनची, तिच्या एक तृतीयांश. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही तेच सूत्र उचललं. वेस्टली रिचर्ड्सची एक्सप्लोरा त्यातलीच. लँकेस्टरच्या कोलिंडियनने मात्र आट्यांऐवजी लंबगोल नळीचा मार्ग धरला.

जड गोळी काटक्या कापत सरळ जाते, असा पॅराडॉक्सवाल्यांचाच एक दावा असतो. मला तो पटत नाही. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते. पॅराडॉक्सचा खरा गुण तिच्या उचलण्यात आहे. एका जहागीरदारांच्या वाड्यात मला ती हाताळायला मिळाली. अक्रोडाच्या कुंद्यावर तेलाचा मऊ हात फिरलेला, आणि करंगळी तोंडात घातली तर आट्यांच्या कडा बोटाला लागत. डोळे मिटून खांद्याला लावली, डोळे उघडले, तर नळीवरची माशी नेमकी समोरच्या खुंटीवर. कुंदा किंचित उजवीकडे कललेला असतो, गाल टेकल्यावर डोळा नळीच्या रेषेत यावा म्हणून. विलायतेत हे माप घ्यायला हलत्या कुंद्याची वेगळी बंदूक ठेवत. माप देऊन करून घेतलेल्या हत्याराचं मोल इथं कळतं. जाळीत नेम धरायला सवड नसते, शरीरानेच नेम धरायचा असतो.

असा कुंदा बसवणारे हात आपल्या भागात नव्हते असं नाही. मिरजेच्या सतारमेकरांचं मूळ शिकलगारीत, हत्यारांना धार-पाणी करण्यात. एकोणिसाव्या शतकात ते हात तंबोऱ्याकडे वळले. बंदुकीची दुरुस्ती करणारे मात्र विझत गेले. आज सैल झालेला बिजागर घट्ट करून द्यायला कुणी मिळत नाही.

1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झालं. चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, त्याचा मला आनंद आहे. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले. बंदूक घेऊन हिंडलेला हा लेखक पुढे नागझिऱ्यात वही घेऊन बसला. ती वाट मला मान्य आहे. पण शिकार संपली म्हणून हत्याराचं ज्ञानही जाळून टाकायचं का? शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हा घरोघरी काय काढायचं हे ठरवताना जुनं, विचित्र दिसणारं हत्यार आधी गेलं. आमची दुबारी एका निवडणुकीत ठाण्यात जमा केली, परत आली ती नळीत गंज घेऊन. पॅराडॉक्स असती तर ते आटे कुणी पुन्हा पाडून दिले असते?

ज्यांच्या वाड्यात अशी बंदूक परवान्यावर अजून आहे त्यांनी एवढं करावं. ती मोकळी असल्याची खात्री करून तोंडाच्या आतल्या कडा उजेडात पाहाव्यात, नळीखालचे शिक्के उतरवून घ्यावेत, आणि नळीवर दमास्कसची नागमोडी नक्षी दिसली तर तिच्यात आजचं काडतूस चुकूनही घालू नये.