नाणं, पुठ्ठा आणि एक नेमका प्रश्न

तालुका विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की जीवशास्त्राच्या टेबलांवर तेच ते प्रकल्प दिसू लागतात. थर्माकोलचं हृदय, संगीत ऐकून वाढलेलं रोप, मधुमेहावरचा काढा. यंदाही चित्र फारसं बदललेलं नाही, आणि त्यात दोष मुलांचा नाही. आठवड्याभरात विषय ठरवून तक्ता रंगवून आणायला सांगितलं, तर मुलं मागच्या वर्षीच्या फायलींकडेच वळणार. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना कृतिसंशोधन करावं लागतं. तिथेही खरी अडचण प्रयोग करण्याच्या आधीच येते: नेमकं काय शोधायचं?

या बाबतीत एमिली रोझा या अमेरिकन मुलीकडून शिकण्यासारखं खूप आहे. १९९६ साली, नऊ वर्षांची असताना, तिने चौथीच्या विज्ञान प्रकल्पासाठी ‘थेरप्युटिक टच’ हा उपचार निवडला. रुग्णाला स्पर्श न करता, अंगावरून अंतर राखून हात फिरवायचे, त्याचं ‘ऊर्जाक्षेत्र’ हाताला जाणवतं आणि ते सुधारता येतं, असा या उपचारकांचा दावा होता. या उपचाराने रुग्ण बरे होतात का, हे तपासायला रुग्णालयं, डॉक्टर आणि कित्येक वर्षं लागली असती. एमिलीने त्याच्याही आधीचा प्रश्न धरला: या लोकांना जवळ आलेला हात मुळात जाणवतो का?

तिने पुठ्ठ्याचा एक आडपडदा उभा केला. उपचारकाने त्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे ठेवायचे, एमिलीने नाणं उडवून ठरवायचं आणि त्यातल्या एका हाताच्या वर आपला हात धरायचा. कोणत्या हाताशी, एवढंच त्याने सांगायचं. डोळे मिटून अंदाज केला तरी निम्मी उत्तरं बरोबर येतील, अशी ही रचना. एकूण २१ उपचारकांनी २८० वेळा उत्तरं दिली. त्यांतली १२३ बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. १९९८ मध्ये हे संशोधन अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. तिची आई परिचारिका होती आणि त्या निबंधाची सहलेखिकाही. मोठ्यांची मदत होतीच, पण प्रयोगाची रचना चौथीतल्या मुलीला झेपेल इतकी साधी होती.

आता संगीत ऐकणारं रोप घ्या. दोन कुंड्या, एकीपाशी सनई, दुसरीपाशी शांतता. पण एकाच पाकिटातलं बी, एकच माती आणि तेवढंच पाणी मिळूनही दोन रोपं वेगवेगळी वाढतात. मग फरक पडला तो सनईमुळे हे कसं सांगणार? काढ्याची गोष्ट तर याहून गंभीर. एखाद्या काढ्याने मधुमेह आटोक्यात येतो का, हे शाळेत तपासता येत नाही, आणि घरातल्या आजोबांवर तर ते तपासूच नये.

शाळेत तपासता येईल असा विषय रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटातल्या मुलांसाठी शेतातच आहे. खारबंदिस्तीला, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडली की उधाणाचं पाणी भाताच्या खाचरांत शिरतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी ‘पनवेल’ नावाचे भाताचे वाण काढले आहेत. तेव्हा असा एक वाण आणि गावात नेहमी लावला जाणारा एक वाण घ्यावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढ्या मिठाचं पाणी, त्याच्या निम्म्या, पाव आणि अष्टमांश तीव्रतेचं पाणी आणि एक साधं पाणी, अशी पाच पाणी करावीत. प्रत्येकात प्रत्येक वाणाचे तीस-तीस दाणे ठेवून रोज रुजलेले मोजावेत. कोंब किती मिलिमीटरचा झाला म्हणजे दाणा ‘रुजला’ म्हणायचं, हे आधीच वहीत लिहून ठेवायला हवं. भाताचं बी रुजताना बरंच मीठ सोसतं, कोवळी रोपं मात्र लवकर कोलमडतात. त्यामुळे उगवलेली रोपं त्याच पाण्यावर आणखी पंधरा दिवस वाढवली तर पुढचा प्रश्न आपोआप हाती येतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर हे साध्या, कमी खर्चाच्या प्रयोगांतून नेमके प्रश्न सोडवता येतात या विचाराचे भारतातले सर्वांत ठाम पुरस्कर्ते म्हणावे लागतील. त्यांनी पीएचडी केली रेणवीय जीवशास्त्रात, पण ओढ लागली ती रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीची, जी कागदासारखं घर बांधते. प्रत्येक माशीवर रंगाचे बारीक ठिपके देऊन कोण काय करते याच्या नोंदी ठेवायच्या, ही त्यांची मुख्य पद्धत. त्यातून कळलं की या वसाहतीची राणी दांडगाई करत नाही, ती बहुतेक वेळ शांत बसून असते. पण राणीला काढून घेतलं की एक कामकरी माशी एकाएकी कमालीची आक्रमक होते, आणि पुढे तीच राणी होते. कमी खर्चातल्या अशा प्रयोगांवर गदगकरांनी इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे, ते प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असायला हवं. गांधीलमाशी चावते, तेव्हा शाळेतल्या मुलांनी मुंग्यांच्या रांगेवर काम करावं.

घरी जिवाणू वाढवण्याचा मोहही टाळलेला बरा. हातावरचे किंवा मोबाइलवरचे जंतू बशीत वाढवले की त्यांत कोणते धोकादायक आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्याच्या नियमांत घरी सूक्ष्मजीव वाढवायला सरळ मनाई आहे.

आणि हंगामाचं काय? सुगरणीची वीण पावसाळ्यात होते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचं निरीक्षण केलं तेही पावसाळ्यातच. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यांना रोज तिथे बसल्यामुळे दिसलं. बहावा फुलतो उन्हाळ्यात. नोव्हेंबरात विषय मागणाऱ्या शाळेला हे दोन्ही मिळणार नाहीत. म्हणून विषयांची यादी शिक्षकांनी जूनमध्येच मागवावी, आणि परीक्षकांनी गुण देताना रंगीत तक्त्याआधी मुलांची मातीचे डाग पडलेली नोंदवही मागून घ्यावी.