गोल गठ्ठा: सुतळीने बांधावा की जाळीने?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पेला नावाचं गाव आहे. तिथे १९७१ साली गॅरी व्हर्मीर यांनी वाळल्या गवताचा अवाढव्य गोल गठ्ठा करणारं बेलर यंत्र तयार केलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी छोटे चौकोनी गठ्ठे होत. एकेक हाताने उचलायचा, गाडीवर रचायचा आणि पुन्हा गोठ्याच्या माळ्यावर चढवायचा. नवा गठ्ठा चार-पाचशे किलोंचा, म्हणजे त्याला हात लावायचा प्रश्नच मिटला. ते काम ट्रॅक्टरकडे गेलं. पण एवढं धूड माळ्यावर चढेना. ते शेताच्या कडेला, उघड्यावर पावसात राहू लागलं आणि गठ्ठा कशाने बांधला आहे याला एकदम महत्त्व आलं.

आधी बांधणी कशी होते ते पाहू. वाळलेलं गवत शेतात लांब ओळीत ओढून ठेवलेलं असतं. बेलर ते उचलून पोटात घेतो आणि आतले रबरी पट्टे ते सुरळीच्या वडीसारखं गुंडाळत जातात. गठ्ठा ठरल्या आकाराचा झाला की चालकाला इशारा मिळतो आणि तो ट्रॅक्टर थांबवतो. गठ्ठा आत फिरतच असतो. सुतळीचं यंत्र असेल तर सुतळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत थोड्या-थोड्या अंतराने वेढे घालते. याला मिनिटभर, कधी जास्तच लागतं. जाळी मात्र गठ्ठ्याएवढ्या रुंदीची असते, प्लॅस्टिकच्या धाग्यांची विणलेली. जखमेवर पट्टी गुंडाळावी तसे तिचे दोन-तीन वेढे पडले की काम झालं. दहा-पंधरा सेकंदांत मागचं दार उघडतं आणि गठ्ठा जमिनीवर.

दिवसाला शंभर गठ्ठे धरले आणि प्रत्येकामागे एक मिनिट वाचलं, तर शंभर मिनिटं हाती येतात. आभाळ भरून आलेलं असताना त्यांची किंमत वेगळीच असते. शिवाय लसूणघासासारखा चारा असेल तर गठ्ठा जितका जास्त वेळ आत फिरेल तितकी वाळलेली पानं झडतात, आणि सगळा कस तर पानातच.

तरी माझ्या मते वेळ हा दुय्यम मुद्दा. खरा हिशेब पावसाचा आहे. पाच फूट व्यासाचा गठ्ठा घ्या. त्याची त्रिज्या तीस इंच. बाहेरचा सहा इंचांचा थर कुजला तर आत चोवीस इंच त्रिज्येचा चांगला भाग उरतो. सहा इंच म्हणजे नुसतं सालपट वाटतं, पण गणित करून पाहा: जवळजवळ ३६ टक्के गवत त्या सालपटातच असतं! गठ्ठा गोल असल्याने बाहेरचा प्रत्येक इंच आतल्या इंचापेक्षा जास्त गवत धरतो.

सुतळीच्या दोन वेढ्यांमधलं गवत मोकळं राहतं, पिंजारतं, आणि तिथून पाणी आत उतरतं. जाळीखाली पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत राहतो, त्यामुळे बरंचसं पाणी ओघळून जातं. आपल्याकडे कडब्याची गंज लावताना माथा उतरता ठेवतात, त्यातलाच हा विचार. जाळी म्हणजे ताडपत्री मात्र नव्हे, भोकं असतातच. दुसरी गोष्ट बुडाची. सैल गठ्ठा बसतो, चपटा होतो, जास्त जागेवर जमिनीला टेकतो आणि ओल शोषत राहतो. जाळीचा गठ्ठा गोलाई धरून राहतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगांतही उघड्यावर ठेवलेल्या जाळीच्या गठ्ठ्यांत सुतळीच्या गठ्ठ्यांपेक्षा कमी नासाडी आढळली. पण ओल्या जमिनीवर ठेवलेला गठ्ठा जाळीनेही वाचत नाही. खाली खडी हवी, पाण्याला उतार हवा, आणि दोन रांगांच्या गोल बाजू एकमेकींना भिडता कामा नयेत. नाहीतर मधल्या खाचेत पाणी साठतं.

गठ्ठे छपराखाली जाणार असतील तर यातला फरक फारसा उरत नाही. तिथे महाग जाळीचा अट्टहास मला पटत नाही.

सुतळीतही दोन जाती. एक प्लॅस्टिकची, आणि दुसरी सिसलची, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातली. घायपाताची सुतळी जमिनीला टेकलेल्या भागात कुजून तुटते आणि गठ्ठा उचलताना सुटतो, हा तिचा दोष. पण हाच दोष गाईच्या पोटात गुण ठरतो. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठात संशोधकांनी जाळी आणि घायपाताची सुतळी या दोन्हींचे नमुने जनावरांच्या कोटीपोटात ठेवून पाहिले. चौदा दिवसांनंतरही जाळी जशीच्या तशी होती. घायपाताची सुतळी बरीचशी विरलेली होती. न पचलेली जाळी पोटात साठत जाते आणि तिचा गोळा होऊन बसतो. आपल्या शहरांतल्या गाईंच्या पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्या निघतात, ते दुखणं यापेक्षा निराळं नाही. कडब्याच्या पेंढीचा आळा कडब्याचाच असेल तर जनावर पेंढीबरोबर आळाही खाऊन टाकतं. जाळीच्या बाबतीत ती सोय नाही. ती हाताने, पूर्ण काढावी लागते.

म्हणून उघड्यावर महिनोन्‌महिने राहणारा, किंवा लांब वाहून न्यायचा गठ्ठा जाळीचा असावा. मक्याच्या ताटांसारखा राठ माल असेल तर वेढा वाढवावा. तिथे जाळीत काटकसर केली की गठ्ठा पहिल्याच उचलीत उसवतो. छपराखालचा, लवकर संपणारा चारा घायपाताच्या सुतळीत बांधला तरी भागतं.

जाळी काढण्याची खरी परीक्षा आयोवाच्या हिवाळ्यात होते. बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि जाळी गवताला चिकटून बसते. अशा वेळी बर्फ न धरलेल्या बाजूवर आडवा छेद द्यावा आणि तिथून जाळी दोन्हीकडे ओढत न्यावी. घाईत मधूनच खेचली तर तुकडे आतच राहतात, आणि गव्हाणीत ते गवताबरोबर जातात.