जुन्या गाडीचा क्लच आणि नवा पाय

- प्रतिनिधी

व्यवहार पूर्ण होतो, पेढे वाटले जातात, सोसायटीच्या आवारात गाडीला हार घातला जातो. खरी परीक्षा होते ती दुसऱ्या दिवशी, पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या रेल्वेच्या उड्डाणपुलावर. पुढची रिक्षा चढावर थांबते, मागे दुचाकी अगदी बंपरला चिकटून उभी राहते आणि पुढे सरकण्यासाठी क्लच सोडताच गाडी एक जोरदार गचका खाऊन बंद पडते. पुन्हा चावी फिरवेपर्यंत ती हातभर मागे आलेली असते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर असे कधी झाले नव्हते, मग दोष गाडीचा की आपला, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पट्ट्यात जुनी गाडी घेणाऱ्या अनेकांना पडतो. या प्रश्नाच्या उत्तरावर काही हजार रुपयांचा खर्च आणि मागच्या दुचाकीस्वाराची सुरक्षितता अवलंबून असल्याने तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम ड्रायव्हिंग स्कूलविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रशिक्षणाच्या गाडीत दुहेरी नियंत्रण असणे बंधनकारक आहे. म्हणजेच शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. चढावर गाडी सफाईदारपणे निघाली, त्याचे श्रेय अनेकदा त्या दुसऱ्या पायाचे असते. शिकणाऱ्याला हे कळतही नाही. परवाना मिळतो, पण क्लच मात्र अर्धाच शिकलेला राहतो.

क्लचचे काम समजायला फार कठीण नाही. इंजिन सुरू असेपर्यंत त्याला जोडलेले जड फ्लायव्हील फिरत राहते. चाकांकडे जाणारी शक्ती गिअरबॉक्समधून जाते. या दोहोंच्या मध्ये घर्षणाचा थर असलेली एक तबकडी असते, तीच क्लच प्लेट. प्रेशर प्लेटमधील स्प्रिंग या तबकडीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला ढकलते, दाब निघून जातो आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. पेडल सोडताना तबकडी आधी घासत, मग पूर्णपणे पकड घेते. ज्या ठिकाणी पकडीला सुरुवात होते, तेथेच सारी गंमत आहे. गॅरेजमधील कारागीर यालाच ‘क्लच वर पकडतो’ किंवा ‘खाली पकडतो’ असे म्हणतात.

ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, आणि एकाच गाडीतही वयानुसार बदलते. ऑल्टो, वॅगन आर यांसारख्या अनेक लहान गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत वायर असते. तबकडी झिजत जाते तसा पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ कमी होतो आणि पकड वर सरकते. याउलट वायर सैल झाली असेल तर पकड अगदी तळाशी येते. पेडल पूर्ण दाबूनही संबंध नीट तुटत नाही आणि गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्सला, करकर ऐकू येते. यांपैकी बऱ्याच तक्रारी वायरच्या समायोजनाने दूर होतात. नवी गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या मेकॅनिककडून हा खेळ तपासून घेतला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत मात्र वायर नसते. तेथे पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर तेल गळत आहे का किंवा हवा शिरली आहे का, हे पाहावे लागते.

या पट्ट्यात विकत घेतल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी अनेक मुंबई-ठाण्यातून येतात. कल्याण कार्यालयाच्या एमएच ०५ ऐवजी त्यांच्यावर एमएच ०१, ०२, ०३ किंवा ०४ असे क्रमांक दिसतात. ‘फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे,’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो. क्लचच्या दृष्टीने मात्र किलोमीटरचा आकडा फसवा असतो. पुण्याला महामार्गाने जाणारी गाडी शंभर किलोमीटरमध्ये जेवढ्या वेळा क्लच वापरते, तेवढ्या वेळा तो अंधेरी ते दादर एवढ्याच प्रवासात दाबला जातो. त्यामुळे कमी चाललेली शहरी गाडी आणि जास्त चाललेली महामार्गावरची गाडी यांत दुसरीचा क्लच अधिक निरोगी असू शकतो.

दुचाकीवरून चारचाकीकडे वळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा तेलात बुडालेला आणि अनेक पातळ तबकड्यांचा असतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावरील कोंडीत लिव्हर अर्धवट धरून इंच इंच पुढे सरकण्याची सवय त्याला सोसते. मोटारीचा क्लच कोरडा आणि एकाच तबकडीचा असतो. तेथे तीच सवय, म्हणजे सततचा ‘हाफ क्लच’, उष्णता निर्माण करते आणि काही मिनिटांत जळका वास येऊ लागतो. असा वास आला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन थंड होऊ देणे, एवढाच उपाय आहे.

सराव कोठे करावा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून किंवा सतरा सेक्शनच्या चौकातून सुरुवात करणे म्हणजे स्वतःवर आणि इतरांवर अन्याय. काटई-बदलापूर रस्ता रुंद असला, तरी त्यावरील जड वाहनांचा वेग नवख्यासाठी नाही. त्यापेक्षा अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील अंतर्गत रस्ते कारखान्यांच्या सुटीच्या दिवशी बरे. सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अत्यंत सावकाश सोडावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी किंचित थरथरते. तेथे पाय क्षणभर स्थिर ठेवावा, गाडी आपोआप सरकू लागते. दहा-पंधरा वेळा असे केले की पायाला ती जागा लक्षात राहते. टाच जमिनीवर टेकवून की पाय उचलून, याबद्दल मतभेद आहेत. आसन मात्र इतके पुढे हवे की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील. आधीच्या मालकाच्या उंचीनुसार लावलेले आसन तसेच ठेवून क्लचला नावे ठेवणारे बरेच असतात.

सीएनजीवरील गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोलच्या तुलनेत तिची ताकद काहीशी कमी भरते, त्यामुळे निघताना ॲक्सिलरेटर थोडा जास्त लागतो. डिझेल इंजिन याउलट कमी वेगातही जोर लावते आणि सहसा लवकर बंद पडत नाही.

चढासाठी हँडब्रेकसारखा दुसरा मित्र नाही. तो ओढून ठेवावा, पहिला गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणावा. गाडी पुढे ताणली गेल्यासारखी वाटली की मगच हँडब्रेक सोडावा. नुसत्या क्लच-ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरण्याचे कसब काही चालक मोठ्या दिमाखात दाखवतात. त्या दिमाखाची किंमत क्लच प्लेट मोजत असते.

आता दोष खरोखरच गाडीचा आहे का, हे कसे ओळखावे? मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. पेडल सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्समधील बेअरिंग तपासून घ्यावे. निघताना संपूर्ण गाडी थडथडत असेल तर तबकडीवर तेल उतरले असण्याची किंवा पृष्ठभाग खराब झाला असण्याची शक्यता असते. इंजिनाचे माउंटिंग सैल असले तरी असेच होते, म्हणून थेट क्लच उघडण्याची घाई नको.

उल्हास नदीकाठच्या या शहरांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथील रहिवासी विसरलेले नाहीत. अशा पुरात उभी राहिलेली मोटार बाहेरून लखलखीत करता येते. आत शिरलेल्या पाण्यामुळे मात्र फ्लायव्हीलला गंज चढतो आणि बरेच दिवस न हलवलेल्या गाडीत क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. मग पेडल दाबूनही गिअर पडत नाही. आसनांखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली वाळू किंवा चिखलाचा थर आणि कुबट वास आढळला, तर सौद्यापूर्वीच विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास मागावा.

क्लच बदलावाच लागला, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकदमच बदलणे शहाणपणाचे. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही त्याच वेळी पाहून घ्यावा आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. नवा क्लच बसवल्यावर पेडल हलके लागते आणि पकडही बहुधा खाली आलेली असते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस गाडी पुन्हा एकदा चौकाचौकात बंद पडते.