मामाची आंब्याची वेबसाइट आणि माझा चुकलेला निष्कर्ष

पेट किंवा नेटची तयारी करताना रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर नुसता पाठ करणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. 'कन्फाउंडिंग व्हेरिएबल' ही व्याख्या मी एमएस्सीला असताना दोनदा परीक्षेत लिहिली, दोन्ही वेळा पूर्ण मार्क मिळाले. तिचा अर्थ मात्र मला कळला तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, आणि तोही लॅबमध्ये नाही, मामाच्या हापूसच्या वेबसाइटवर.

मामाची बाग पावसच्या बाजूला आहे. आधी सगळा माल वाशीला जायचा, मग हळूहळू पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांना थेट पेट्या जायला लागल्या. वेबसाइट होती, पण ती कोणीतरी करून दिलेली, पाच वर्षं हात न लावलेली. मार्चच्या शेवटी मी घरी होते. मामा म्हणाला, "बाय, एवढं शिकतेस, जरा बघ ना हिच्याकडे." मी एका आठवड्यात सगळं बदललं. फोटो नवे, मथळा नवा, दर वर आणले, हिरव्या रंगाचं मोठं 'ऑर्डर करा' बटण टाकलं, फॉर्म लहान केला. पुढच्या दोन आठवड्यांत ऑर्डर दुपटीच्या वर गेल्या.

मी लॅबमध्ये फुशारकी मारली. गाइडनी शांतपणे विचारलं, "त्याच दोन आठवड्यांत आणखी काय काय बदललं?"

बदललं होतं बरंच काही. आंब्याचा हंगाम चढायला लागला होता. पेटीचा दर थोडा उतरला होता. अक्षय्य तृतीया जवळ येत होती. मामीने तिच्या भिशीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. एप्रिलमध्ये हापूसच्या ऑर्डर वाढणारच, वेबसाइट कशीही असो. मी मात्र सगळं श्रेय हिरव्या बटणाला दिलं होतं.

इथवर ही नुसती गंमत होती. पण माझ्या सांगण्यावर मामाने विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी त्याने हंगामभराच्या ऑनलाइन जाहिरातींचे पैसे आधीच भरले. त्या वर्षी अवकाळी पावसाने पहिला मोहोर गळला, उरलेल्यावर फुलकिडे पडले. जाहिराती चालू, ऑर्डर येताहेत, पैसे जमा होताहेत, आणि झाडावर आंबा नाही. मामीने महिनाभर फोन उचलून माफी मागितली आणि पैसे परत केले. दहा वर्षांचे दोन-तीन ग्राहक कायमचे तुटले. चुकीचा निष्कर्ष थीसिसमध्ये असला तर परीक्षक लाल पेनाने खूण करतो. इथे तो मामाच्या खिशातून गेला.

वाफ्यापासून वेबपेजपर्यंत

मी काय करायला हवं होतं? याचं उत्तर वेबसाइटवाल्यांनी शोधलेलं नाही, ते शेतातून आलं आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे वर्षानुवर्षांची खतांच्या प्रयोगांची आकडेवारी पडून होती. अडचण अशी की एका वाफ्यात खत घातलं आणि पीक वाढलं, तर ते खतामुळे की तिथली जमीनच चांगली होती म्हणून? फिशर यांचा उपाय असा : कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शिवाय सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात सगळे उपचार घ्यायचे. १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात ही मांडणी सविस्तर आहे. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या कोणालाही रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन म्हणजे काय ते विचारा, झोपेतही सांगेल.

वेबसाइटवरची 'ए-बी टेस्ट' म्हणजे तेच. एकाच काळात येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि कोणाला कुठलं हे नाणेफेकीसारखं ठरवायचं. मग अक्षय्य तृतीया दोन्ही गटांना सारखीच लागू होते, दर उतरला तर दोन्हींना उतरतो. बाकी सगळं सारखं राहिल्यावर उरलेला फरक पानाचा. मी मार्चची तुलना एप्रिलशी केली होती, म्हणजे कातळावरच्या कलमाची तुलना खाडीकाठच्या कलमाशी.

आता हिशेब करू

पण थांबा. 'मग सगळीकडे ए-बी टेस्ट करा' असं सांगून मी पोस्ट संपवणार नाही, कारण तिथेच दुसरा खड्डा आहे.

समजा शंभर पाहुण्यांपैकी दोघं ऑर्डर देतात. नव्या पानाने ते तीन होतील अशी तुमची आशा आहे. हा फरक पकडायला किती पाहुणे लागतील? ५ टक्के सिग्निफिकन्स आणि ८० टक्के पॉवर धरून एक सोपं सूत्र आहे : १६ गुणिले p(१−p), भागिले फरकाचा वर्ग. इथे p म्हणजे दोन्ही प्रमाणांची सरासरी.

१६ × ०.०२५ × ०.९७५ ÷ (०.०१)² = ३,९००

हे एका गटाचे. दोन्ही मिळून ७,८००. मामाच्या वेबसाइटवर रोज शंभर लोक आले असं धरलं, तरी ७८ दिवस लागतील. हापूसचा मुख्य हंगाम मार्चअखेर ते मेअखेर, म्हणजे साठेक दिवस. उत्तर मिळेपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल.

हेच दोनाचे सहा होतील असा मोठा बदल असेल तर? १६ × ०.०४ × ०.९६ ÷ (०.०४)² = ३८४. दोन्ही मिळून ७६८, म्हणजे आठ दिवस. बारीक फरक पकडायला प्रचंड नमुना लागतो, ठळक फरक थोडक्यात दिसतो. म्हणून लहान वेबसाइटवाल्याने बटणाचा रंग हिरवा की केशरी यात वेळ घालवू नये. तो खेळ रोज लाखो पाहुणे येणाऱ्यांचा.

आणखी एक मोह सांगते. रोज सकाळी आकडे उघडायचे आणि नवं पान पुढे दिसलं की टेस्ट थांबवायची. याला 'पीकिंग' म्हणतात. रोज डोकावलं तर कधी ना कधी नुसत्या योगायोगानेही फरक 'सिग्निफिकंट' दिसतो, आणि तुमचे ५ टक्के चुकीचे ५ टक्के राहत नाहीत. थीसिसच्या प्रयोगालाही हाच नियम : किती नमुना घेऊन थांबणार ते आधी लिहा.

मग लहान वेबसाइटवाल्याने करायचं काय?

आम्ही जे केलं ते सांगते. यातल्या बहुतेक गोष्टींना प्रयोगाची गरज नाही, कारण त्या उघड दिसणाऱ्या अडचणी आहेत.

पहिली, फोटो. मी हौसेने टाकलेले आठ फोटो थेट मोबाइलमधले होते, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. म्हणजे पान ४० एमबीच्या घरात. ४ एमबीपीएसच्या कनेक्शनवर ते पूर्ण उतरायला ८० सेकंद लागतात. लोकलमध्ये उभा असलेला माणूस ८० सेकंद थांबत नाही. फोटो लहान करून वेबपी स्वरूपात प्रत्येकी १५० केबीवर आणले, तर तेच पान अडीच सेकंदांत येतं. गूगलचा निकषही असाच आहे : पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, आणि तोही सरासरीने नाही तर ७५ व्या पर्सेंटाइलला, म्हणजे चारपैकी तीन भेटींत. सरासरी का नको, हा प्रश्न व्हायव्हात विचारण्यासारखा आहे, विचार करून ठेवा. तुमचं पान कसं आहे ते पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतं.

दुसरी, पाच माणसं. जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला मुद्दा प्रसिद्ध आहे : पाच जणांना वेबसाइट वापरायला देऊन गप्प बसून बघितलं, तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. यामागचं गृहीतक असं की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. मग पाच जणांनंतर न सापडलेल्या उरतात ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास. गृहीतक बदललं की उत्तर बदलेल, हे लक्षात ठेवा. मी मावशीला पुण्यात व्हिडिओ कॉल करून ऑर्डर द्यायला सांगितलं. दुसऱ्याच मिनिटाला ती म्हणाली, "अगं, पेटी म्हणजे किती डझन?" पाच वर्षांत हे कोणी पानावर लिहिलं नव्हतं. आम्हाला माहीत, म्हणजे जगाला माहीत!

तिसरी, लोक खरंच काय शोधतात. गूगल सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांवरून माणसं तुमच्याकडे आली ते दिसतं. आमच्या मथळ्यात 'कोकणचा राजा' वगैरे होतं. लोक विचारत होते ते असं : आंबा कच्चा आला तर पिकवायचा कसा, साका निघाला तर काय, कार्बाइड वापरता का. मग आम्ही तीन साधी पानं लिहिली. गवताच्या अढीत आंबा कसा ठेवायचा. साका बाहेरून का दिसत नाही आणि निघाल्यास आम्ही काय भरपाई देतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि आम्ही ते वापरत नाही. फोनवर रोज वीस वेळा द्यायची उत्तरं एकदा लिहून ठेवायची, आमचं 'कंटेंट मार्केटिंग' एवढंच.

चौथी, ऑर्डर कुठून आली. प्रत्येक ठिकाणी दिलेल्या लिंकला वेगळी यूटीएम शेपटी लावली : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची एक, इन्स्टाग्रामची एक, जाहिरातीची एक. पण आमचे बहुतेक ग्राहक वेबसाइट बघतात आणि फोन करतात. तो फोन ॲनालिटिक्सला दिसतच नाही. म्हणून मामीच्या वहीत एक रकाना वाढवला : 'कुठून कळलं?' उपकरण जे मोजत नाही ते शून्य असतं असं नाही, हे मला स्पेक्ट्रोमीटरपेक्षा त्या वहीने जास्त नीट शिकवलं.

पानावर खोटं नको

'फक्त ३ पेट्या शिल्लक!' अशी खोटी पाटी लावली तर ऑर्डर वाढतील का? वाढतीलही. पण सगळं मोजता येतं म्हणून सगळं करावं असं नाही. तसंच जीआयचं. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला 'अल्फान्सो' या नावाने जीआय मानांकन मिळालं. ते वापरायचं तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, नुसता लोगो उतरवून चिकटवून चालत नाही. मामाने नोंदणी केली, मगच लोगो लावला. आणि ग्राहकांचे नंबर हा आपला 'डेटा' नाही, त्यांनी पेटीसाठी दिलेला विश्वास आहे. संशोधनात ज्याला इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणतो तेच इथे : पुढच्या वर्षी मेसेज पाठवू का, हे आधी विचारा.

तुमच्यासाठी एक काम

आता मूळ चुकीकडे येते. मी मोजल्या ऑर्डर. मोजायला हव्या होत्या वेळेवर पोचलेल्या आणि तक्रार न आलेल्या पेट्या. ऑर्डर हा सोपा आकडा होता, म्हणून मी तो धरला. तुमच्या प्रपोजलमध्येही असा एखादा सोपा आकडा लपलेला असेल, शोधा.

आज एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या प्रयोगाबद्दल चार ओळी लिहा. मी नेमकं काय मोजणार? त्याच काळात आणखी काय बदलू शकतं? किती नमुन्यांनंतर थांबणार? कोणता निकाल आला तर मी माझं मत बदलेन? चौथी ओळ लिहिता आली नाही तर प्रश्न अजून तयार नाही, असं समजा.

मामाच्या वेबसाइटवर सगळ्यात वर आता एकच ओळ असते. मामी ती रोज संध्याकाळी बागेतून आल्यावर बदलते : या आठवड्यात किती पेट्या निघतील आणि कधी निघतील. मोहोर कमी असेल तर तेही लिहिते. या ओळीमुळे ऑर्डर वाढल्या की कमी झाल्या, ते मी अजून मोजलेलं नाही. माफीचे फोन मात्र मामीला करावे लागत नाहीत.

तुमच्या चार ओळी कमेंटमध्ये लिहा. पुढच्या पोस्टमध्ये त्यातल्या दोन-तीन घेऊन नमुन्याचा हिशेब एकत्र करू.