गाडीसोबत फिरणारी डिश: अर्धं सेटिंग दुकानातच करून द्या

व्हिडिओमध्ये आपण स्टँड, डिश आणि बॉक्स जोडून दाखवला. पण कोन, झाडं आणि बॅटरी यांचा हिशोब व्हिडिओत नीट मावत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहून देतो. डिश-टीव्हीचं दुकान चालवणारे, रिपेअरिंगचं काम शिकणारे आणि गाडी घेऊन रानावनात मुक्काम करणारे, तिघांच्याही कामाचं आहे.

गिऱ्हाईक कोण?

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यामुळे ताडोबाकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली एखादी गाडी दिसली तर नवल नको. पण चाकांवर संसार असलेली माणसं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आधीपासून आहेत. बोअरवेलच्या गाडीवरची पोरं महिनोन्‌महिने गाडीसोबत असतात. रस्त्याच्या कामावरचे कॅम्प पुढे पुढे सरकतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुनीम आणि मजूर मुक्कामी असतात. दिवाळी झाली की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या निघतात. त्यांचं नाटक रात्रभर, म्हणजे टीव्ही बघायचा वेळ दुपारचा.

या सगळ्यांना अशा ठिकाणी टीव्ही हवा असतो, जिथे मोबाईलला धड रेंज नसते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी बातम्या आणि हवामानाचा इशारा कळणं ही करमणुकीची गोष्ट राहत नाही. डिशला मोबाईल टॉवर लागत नाही. आभाळाचा एक मोकळा तुकडा आणि थोडी वीज एवढंच लागतं.

आता धंद्याचं बघा. गडचिरोलीहून सिरोंचा दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. तिथून फोन आला, "भाऊ, चित्र येत नाही," तर तुम्ही जाणार का? गेलात तर पेट्रोल आणि अख्खा दिवस गेला. नाही गेलात तर नाव गेलं. म्हणून फिरत्या गिऱ्हाइकाला नुसती डिश विकून चालत नाही. त्याला स्वतःला ती लावता आली पाहिजे, आणि ते सोपं करून देणं आपलं काम आहे.

कोणती सेवा घ्यायची?

फिरत्या माणसासाठी मी डीडी फ्री डिश सुचवतो. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं रिचार्ज नाही, त्यामुळे चार महिने डिश पेटीत पडून राहिली तरी नुकसान नाही. सह्याद्री वाहिनी त्यात मिळते. नवा बॉक्स घेत असाल तर एमपीईजी-४ चाच घ्या.

फ्री डिशचा सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो १० नोव्हेंबर २०१५ च्या रात्री, भारतीय वेळेनुसार ११ नोव्हेंबरच्या पहाटे, सुटला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर स्थिर असल्यासारखा दिसतो. आपण ७९-८० अंश रेखांशावर आहोत. म्हणजे तो आपल्या दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे झुकलेला आहे. लक्षात ठेवा, दुसऱ्या कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे खालचे आकडे फक्त या उपग्रहाचे.

दोन आकडे पाठ करा

पहिला आकडा दिशेचा. उत्तरेला शून्य धरून उजवीकडे मोजत गेलं तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दिशा साधारण १४२ ते १४६ अंश येते. सोपं सांगायचं तर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे ३५ अंश वळा. हात समोर सरळ ताणला की बंद मूठ साधारण १० अंश व्यापते. म्हणजे साडेतीन मुठी डावीकडे.

दुसरा आकडा उंचीचा. चंद्रपूरला ६१.५ अंश, गडचिरोलीला जवळपास ६२, सिरोंच्याला ६३. क्षितिजापासून सहा मुठी वर.

या आकड्यांमध्येच सगळी गंमत आहे. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत गाडी कुठेही न्या, उंचीचा कोन दोन अंशांपेक्षा जास्त बदलत नाही. मग तो कोन गिऱ्हाइकाने प्रत्येक मुक्कामी नव्याने का शोधायचा? तो दुकानातच बसवून द्या.

दुकानात करायचं काम

दुकानामागच्या अंगणात स्टँड उभा करा. स्पिरिट लेव्हल लावून पाईप अगदी उभा आहे का बघा. पाईप कलला असेल तर पुढचं सगळं माप खोटं ठरतं. डिश लावून चित्र आणा, क्वालिटी जास्तीत जास्त होईपर्यंत उंचीचा कोन जुळवा, नट घट्ट करा आणि ब्रॅकेटवर पर्मनंट मार्करने रेघ ओढा. गिऱ्हाईक अहेरी-सिरोंच्याकडे जाणार असेल तर दीड अंश वरची दुसरी रेघही मारून ठेवा.

डिशचा चेहरा थेट ६२ अंशांवर रोखलेला दिसणार नाही, त्याने गोंधळू नका. घरगुती डिश ऑफसेट असते. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, त्यामुळे डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते.

एलएनबीसुद्धा थोडा डावा-उजवा फिरवून क्वालिटी कुठे सर्वात वर जाते ते बघा आणि तिथेही खूण करा. आता गिऱ्हाइकाकडे एकच काम उरलं: पाईपवर डिश डावी-उजवीकडे फिरवणं.

मुक्कामी करायचं काम

१. जागा निवडा. डिश गाडीच्या टपावर लावू नका. ६० सेंटिमीटरच्या डिशला आभाळाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा दिसतो. वरची कड दीड सेंटिमीटर मागे-पुढे झाली तरी सिग्नल निम्मा होतो. गाडीत कोणी चढला-उतरला की टप तेवढा हलतोच. स्टँड जमिनीवर ठेवा आणि त्याला रेतीचं पोतं किंवा पाण्याने भरलेली २० लिटरची कॅन बांधा.

२. पाईप उभा करा. लेव्हल नसेल तर दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी बघा.

३. दिशा घ्या. मोबाईलमधला होकायंत्र चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पण गाडीच्या आणि पाईपच्या लोखंडाने तो फसतो. चार-पाच पावलं दूर उभं राहून १४५ अंशांवर लांबचं एखादं झाड हेरा आणि डिश त्याच्याकडे करा.

४. बॉक्सच्या सिग्नल पानावर जा. फ्रिक्वेन्सी ११०९०, व्ही, सिम्बॉल रेट २९५००. इथे दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबी जोडला की ती पट्टी तशीही भरते. बघायची ती क्वालिटी.

५. डिश बोटभर फिरवा, थांबा, मनात तीन मोजा, मग पुन्हा बोटभर. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. भराभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. क्वालिटी चांगली येऊनही फ्री डिशचे चॅनल सापडत नसतील तर शेजारचा उपग्रह पकडला असेल. ९५ अंशांवर डिश टीव्हीची सेवा आहे, अगदी दीड अंशावर. थोडं मागे या.

केबल आरजी-६ घ्या. बॉक्स बंद करूनच जोडा किंवा काढा, कारण त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज जात असते.

झाडाचा हिशोब

आपल्याकडे सिग्नल कमजोर नसतो, झाड आडवं येतं. पण उपग्रह ६२ अंशांवर, म्हणजे बराच वर आहे, हे आपलं नशीब. दक्षिण-आग्नेयेला झाड असेल तर त्याच्या उंचीच्या ०.६ पट अंतर सोडा. १० मीटरच्या सागापासून ६ मीटर, १५ मीटरच्यापासून ९ मीटर. फांद्या पसरलेल्या असतील तर अंतर फांदीच्या टोकापासून धरा. उत्तर-पश्चिमेला कितीही जंगल असू द्या, फरक पडत नाही.

साग उन्हाळ्यात पानं गाळतो. एप्रिलमध्ये जिथे झकास चित्र आलं, तिथेच जुलैमध्ये काहीच येत नाही. डिश बिघडलेली नसते, वर पानं फुटलेली असतात, आणि ओली पानं सिग्नल जास्तच खातात. कायमच्या मुक्कामाची जागा निवडायची असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराला किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अकराच्या सुमारास बघा. तेव्हा सूर्य जवळपास उपग्रहाच्याच जागी असतो. डिशच्या जागेवर ऊन पडलं तर जागा मोकळी, सावली पडली तर अडथळा. त्या दिवसांत याच वेळी काही मिनिटं चित्र जातं, तेही सूर्यामुळेच. काही करू नका, आपोआप परत येतं.

जोराच्या पावसातही तसंच. चित्र गेलं की लोक डिश फिरवायला धावतात आणि जुळलेला कोन घालवून बसतात. पाऊस ओसरेपर्यंत हात लावायचा नाही, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगा.

वीज आणि जीव

लहान एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून ५० वॅट धरा. तीन तास बघितलं तर १५० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेबारा अँपिअर-तास. इन्व्हर्टरची गळती धरून १५ समजा. गाडी स्टार्ट करायच्या बॅटरीवर हे चालवू नका, सकाळी जंगलात धक्का मारायला माणसं सापडत नाहीत. वेगळी बॅटरी ठेवा.

डिशचं काम दिवस मावळायच्या आत उरका. आपल्या भागात वाघ आणि अस्वल फक्त ताडोबाच्या गेटच्या आत नसतात. टीव्हीकडे डोळे आणि अंधारात पाईपला हात, असं काम नको. हाय टेन्शन तारांखाली लोखंडी पाईप उभा करू नका. विजा कडाडायला लागायच्या आधीच बॉक्स बंद करून केबल काढा. ढग डोक्यावर आला असेल तर पाईपकडे जाऊच नका.

शिकवणीचे पैसे घ्या

किट देताना गिऱ्हाइकाकडून अंगणात तीनदा लावून घ्या. पहिल्यांदा तुम्ही सांगा, दुसऱ्यांदा फक्त बघा, तिसऱ्यांदा आत जाऊन बसा. त्याने एकट्याने चित्र आणलं की मगच बिल करा. १४५, ६२, ११०९० हे तीन आकडे आणि तुमचा नंबर एका कार्डावर लिहून बॉक्सला चिकटवा.

या वेळेचे पैसे बिलात वेगळे दाखवा, लाजू नका. डिश बाजारात कुठेही मिळते. सिरोंच्याच्या पुढे, रात्री, रेंज नसताना स्वतःच्या हाताने चित्र आणता येणं, हे फक्त तुमच्या दुकानात मिळतं. पुढच्या सीझनला तो दुसऱ्या दोघांना घेऊन येतो, आणि ते दोघं भाव करत बसत नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली एक डिश काढा, उंचीची रेघ मारा आणि डिश लावता न येणाऱ्या घरच्या कुणाच्या तरी हातात द्या. पंधरा मिनिटांत चित्र आलं, तर तुमचं किट विकायला तयार आहे.