राक्षसाला कोणता रंग द्यावा?

'जहरा' हे नाव ऐकले की मराठी कानाला जहर आठवते. माझ्या आईलाही तेच आठवले होते. धाकट्या भावाने नोकरीसाठी कुवेत गाठले आणि जहरा शहरात बिऱ्हाड केले, तेव्हा आई दोन दिवस म्हणत होती, "नावातच विष आहे. तिथे पोराबाळांना कशाला नेतोस?" गेल्या डिसेंबरच्या सुटीत मी तिथे तीन आठवडे राहून आले, आणि आईला सांगितले की गाव चांगले आहे. कुवेत शहराच्या पश्चिमेला ३० किलोमीटरवर हे जुने विहिरींचे आणि खजुरांचे ठिकाण. १९२० च्या लढाईत ज्या मातीच्या लाल कोटाचा आसरा घेऊन कुवेतच्या लोकांनी झुंज दिली, तो कोट अजून उभा आहे. पण आज मला लढाईविषयी सांगायचे नाही. सांगायचे आहे ते राक्षसांविषयी.

माझा भाचा अकरा वर्षांचा. आपले बेट सोडून त्याला दोन वर्षे झाली. त्याचा छंद असा, की बोटाएवढे प्लास्टिकचे राक्षस, पंख असलेले साप, तीन शिंगांचे दैत्य आणायचे आणि बारीक कुंचल्याने रंगवायचे. जगभर पुष्कळ मुले आणि मोठी माणसेही हा छंद करतात. त्याने एक राक्षस रंगवून त्याचा फोटो आजीला पाठवला. आईच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसरा अजून धूसर आहे. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि फोनवर विचारले, "हे काय रे बाळा, भाजलेले वांगे का?"

आम्ही सगळे हसलो. भाचा हसला नाही. त्या दिवसापासून आजीचा फोन आला की तो दुसऱ्या खोलीत जाऊ लागला. मी तिथे पोहोचले तोपर्यंत या गोष्टीला दोन महिने झाले होते. आजीशी बोलणे बंद म्हणजे त्या घरात त्याचे मराठी बोलणेच बंद, कारण आईबापांशी तो क्रेओल नाही तर इंग्रजी बोलतो. मला चिंता वाटली ती याची.

मी तो राक्षस हातात घेऊन पाहिला. काम मन लावून केलेले होते, पण अंगाला गडद जांभळा, शिंगांना गडद तपकिरी, डोळ्यांना गडद लाल. हातभर अंतरावरून सगळे मिळून काळेच दिसे. आजीचे काही चुकले नव्हते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितले होते, की फळ्यावर लाल खडूने लिहू नका, मागच्या बाकावरच्या मुलाला ते दिसत नाही; पांढरा आणि पिवळा वापरा. राक्षसालाही हाच नियम लागू. आधी फिके आणि गडद यांचा विचार करावा, रंगाचे नाव त्यानंतर.

मग आम्ही दोघे जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून बसलो. जे शिकलो ते इथे क्रमाने देते, कारण आपल्याकडेही पुष्कळ मुले गणपतीच्या दिवसांत मातीच्या मूर्ती रंगवतात आणि त्यांनाही हे उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे धुणे. प्लास्टिकच्या मूर्तीवर साच्याचे तेल राहते. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवली नाही तर रंग धरत नाही. मातीची असेल तर ती आतपर्यंत सुकू द्यावी.

दुसरे म्हणजे अस्तर. पांढऱ्या अस्तरावर पिवळा, नारिंगी, पोपटी असे रंग उजळ बसतात. काळ्या अस्तरावर खोबणी आपोआप गडद राहतात, पण पिवळ्याचे तीन-चार हात द्यावे लागतात. फवाऱ्याचे अस्तर वारा-धुळीच्या दिवशी मारू नये. जहऱ्याची बारीक धूळ त्यात बसली की राक्षसाच्या अंगाला वाळूचा कागद होतो.

तिसरे म्हणजे रंग पातळ करणे. हल्ली वापरतात ते अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात. ते दुधाइतके पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिला की डोळे, नखे, खवले सगळे बुजते. उन्हाळ्यात इथे रंग कुंचल्यावरच सुकतो, असे भाचा म्हणाला. मला ते खरे वाटले. जहरा प्रांतातल्याच मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. अशा हवेत झाकणात ओला कापूस ठेवून त्यावर कागद घालावा आणि रंग त्या कागदावर घ्यावा.

चौथे म्हणजे रंगांची निवड. तीनच रंग घ्यावेत. दहा वाटे धरले तर सहा वाटे अंगाचा रंग, तीन वाटे जोडीचा, आणि एक वाटा ठसक्याचा. ठसक्याचा रंग अंगाच्या रंगाच्या विरुद्ध असावा: हिरव्याला लाल, निळ्याला नारिंगी, जांभळ्याला पिवळा. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. दशावतारातला संकासुर पाहा, नखशिखांत काळा. रात्रीच्या अपुऱ्या उजेडातही शेवटच्या माणसाला तो ओळखू येतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. हातात मावणाऱ्या त्या पत्त्यांवर नरसिंहाचे चित्र ओळखू यावे म्हणून चिताऱ्याला ठळक, सपाट रंगांवरच भर द्यावा लागतो.

पाचवे म्हणजे सावली. गडद रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून अंगावर सोडावा. तो आपणच खोबणीत उतरतो. सावलीसाठी नुसता काळा घेऊ नये, त्याने रंग मरतो. हिरव्याच्या सावलीत थोडा तांबडा मिसळावा.

सहावे म्हणजे कोरडा कुंचला. फिका रंग घेऊन कुंचला फडक्यावर पुसावा, जवळजवळ काही उरू नये, आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. भाकरी थापून झाल्यावर हाताच्या रेषा सोडून उंच भागावर पीठ राहते, तसे खवल्यांच्या कडांवर उजेड बसतो.

नमुना कुठून घ्यावा? मी म्हणते, प्राण्यांकडून. या वाळवंटात काटेरी शेपटीचा एक मोठा सरडा असतो, अरबीत त्याला धब म्हणतात. सकाळी थंडीत त्याचे अंग गडद असते, म्हणजे ऊन लवकर शोषले जाते. ऊन तापले की तो पिवळट होतो. एकाच जनावराचे दोन रंग! आपल्या बेटावरचा हिरवा सरडा आठवा, अंगावर लाल आणि निळे ठिपके. एक गोष्ट मात्र उलटी करायची. पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते, म्हणजे वरच्या उन्हात ते चटकन दिसत नाहीत. निसर्गाला लपवायचे असते, आपल्याला दाखवायचे असते. म्हणून आपण वरचा भाग फिका आणि खालचा गडद ठेवावा.

डोळे शेवटी. गणपतीच्या मूर्तीची आखणीही शेवटीच करतात ना? तसेच.

याच दिवसांत भावाने एक फोटो दाखवला. जहरा प्रांताच्या सुबिया भागात बहरा नावाची जागा आहे. तिथे कुवेती आणि पोलिश संशोधक २००९ पासून खोदकाम करीत आहेत. ७ हजार वर्षांपूर्वीची ती वस्ती, इराकमधल्या उबैद संस्कृतीशी नाते सांगणारी. २०२४ साली तिथे मातीचे एक लहानसे डोके सापडले: लांबुडकी कवटी, चपटे नाक, कवडीच्या फटीसारखे तिरपे डोळे. भाचा ओरडला, "आत्या, राक्षस!" दोन वर्षांत त्याच्या तोंडून आलेला हा पहिला उत्स्फूर्त मराठी शब्द असावा.

आम्ही मातीचे लिंबाएवढे तसेच डोके केले. त्याने अंगाला पोपटी, सावलीला तांबूस, डोळ्यांच्या फटीला पिवळा रंग दिला. मी त्याला सांगितले की ऊर आणि एरिडू इथे अशाच चेहऱ्याच्या जुन्या मूर्ती मिळाल्या आहेत, आणि त्या कारागिरांकडे पोपटी रंग नव्हता. भाजलेल्या मातीचा रंग, त्यावर काळ्या रेघा, आणि डोक्यावर केसांसाठी चक्क डांबर. दोन रंगांत काम, पण हजारो वर्षांनंतरही स्पष्ट दिसते.

फोटो आजीला पाठवला. फोन आला. भाचा दाराशीच उभा राहिला, आत आला नाही. आई म्हणाली, "डोळे दिसतात. नाकही दिसते. डोके किती लांब ग! लहानपणी दाबून घडवले असेल त्याचे." मी चकित झाले. उबैदच्या काळात बाळाची कवटी बांधून लांब करण्याची चाल होती, हे सापडलेल्या सांगाड्यांवरून संशोधकांनी दाखवले आहे, आणि या मूर्तींचा आकार त्यावरूनच आला असे काहींचे मत आहे. आईने यातले काही वाचलेले नाही. ती म्हणाली, "मी नाही का तुमची सगळ्यांची डोकी तेल लावून गोल केली? त्यांच्या आज्यांनी लांब केली असतील. तो राक्षस कसला, कुणाचा तरी नातू असेल."

भाचा आत आला. त्याने फोन घेतला आणि विचारले, "आजी, माझे डोके पण तू केले?"

"तूच केलेस असे म्हण," आजी म्हणाली. "हो, मीच केले. चाळीस दिवस."

ते दोघे किती वेळ बोलले ते मी मोजले नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तो त्याने डोक्यावरचा पोपटी रंग पुसून काढला होता आणि गेरूत थोडी पिवडी मिसळून माणसाच्या कातडीचा रंग दिला होता. डोळ्यांच्या फटी मात्र काळ्या. मी कारण विचारले नाही.

मी परत येताना ते डोके रुमालात गुंडाळून आणले. आता ते आईच्या खिडकीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने "हा कोण राक्षस?" म्हटले, की आई त्याला दुरुस्त करते.