एअरब्रश धुताना छातीही जपा

तथागतांच्या व बाबासाहेबांच्या छोट्या मूर्ती एअरब्रशने रंगवणाऱ्या बांधवांना आम्ही कळकळीने सांगतो : ब्रश धुतानाही छातीला धोका असतो. थिनर फवारला की वाफ श्वासात जाते. डोके दुखते, गरगरते. नुसता रुमाल ती अडवत नाही, कार्ट्रिजचा मास्क हवा. खिडक्या उघड्या ठेवा; विडी, दिवा दूर.

नळीत रंग वाळला की जास्त थिनर लागतो. म्हणून पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक रंग घ्या, काम संपताच पाण्याने धुवा. त्याचे तुषारही मास्कशिवाय नकोत. मग हवा बंद करून सुई मागून काढा, टोकाकडे पुसत न्या. थिनरने हात धुऊ नका. मूर्तीइतकाच मूर्तिकार आम्हाला मोलाचा आहे. जय भीम!